हायब्रिड एसयूव्ही आणि खारा वारा

महोदय,

कोकणात येणाऱ्या महागड्या हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) एसयूव्हींची संख्या वाढते आहे, पण त्यांच्या देखभालीत आपल्या किनाऱ्याचा विचार झालेला दिसत नाही. साध्या गाडीत क्लच जळायला लागला की आधी वास येऊन इशारा तरी मिळतो. हायब्रिडमध्ये मात्र इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) तापला की संगणक गाडीची ताकद कमी करतो किंवा तोडतो, आणि हे कुंभार्ली किंवा आंबोलीच्या वळणावर झाले तर मागून येणाऱ्या एसटीला सावरायला जागा नसते.

सर्वात दुर्लक्षित जागा गाडीच्या पोटाखाली आहे. मागच्या चाकांना वेगळी मोटर असलेल्या गाड्यांत तिच्याकडे उच्च विद्युतदाबाची जाड नारंगी केबल जाते. मोटरजवळच्या तिच्या जोडात खारे पाणी शिरले की आवरणाखालची धातूची जाळी गंजते. कॅनडात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने टोयोटाच्या राव्ह-४ हायब्रिडमध्ये हेच झाले आणि कंपनीला त्या केबलची वॉरंटी वाढवावी लागली. इथे तर हवाच खारी, वर हौसेने पुळणीवर गाडी घालणारेही कमी नाहीत. विद्युतगळती सुरू झाली की अनेक गाड्या इशारा देऊन चालत राहतात, पण एकदा बंद केल्या की पुन्हा 'रेडी' (चालायला तयार) होत नाहीत. त्यामुळे इशारा दिसताच आधी सुरक्षित जागा गाठावी, मगच गाडी बंद करावी. वाळूतून आल्यावर खालचा भाग साध्या नळाच्या पाण्याने धुवावा. प्रेशरचा फवारा जोडांवर मारू नये.

इन्व्हर्टर थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, बहुतेक गाड्यांत इंजिनापासून वेगळे असते आणि ते छोटा विजेचा पंप फिरवतो. घाट चढण्याआधी गाडी 'रेडी' करून त्याच्या टाकीत पाहावे. पातळी ठीक असूनही कूलंट हलत नसेल तर पंपाची तपासणी करून घ्यावी. ज्या गाड्यांत बॅटरीच्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते, तिथे आंब्याची पेटी टेकवली की हवा कोंडते आणि बॅटरी तापते. उतारावर बॅटरी भरली की मोटरचा ब्रेक कमी होतो. उतारावर इंजिनाचा ब्रेक वाढवणारा 'बी' मोड असेल तर तो आधीपासूनच लावावा.

बंद पडलेली गाडी दोरीने ओढू नका. फिरणाऱ्या चाकांमुळे मोटर वीज तयार करू लागते, म्हणून चारही चाके उचलणारा फ्लॅटबेडच मागवावा. पुरात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये आणि सर्व्हिस प्लगला (बॅटरीचा उच्चदाबाचा प्रवाह तोडणाऱ्या खटक्याला) प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधला भार उतरायला काही मिनिटे लागतात.

गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड नुसता पुसून गाडी परत देणे ही दुरुस्ती नव्हे. मालकांनी तो कोड जॉबकार्डवर लिहूनच घ्यावा आणि केंद्राच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार ठरावीक टक्के मालकांनी एकच दोष कळवला तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. न नोंदवलेला बिघाड त्या हिशेबात येतच नाही. ग्राहक आयोगात जायचे तर मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग.

कंपन्यांनी किनारी जिल्ह्यांतल्या गाड्यांसाठी पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसमध्ये मागच्या केबलची आणि जोडांची तपासणी सक्तीची करावी, आणि पनवेल ते सावंतवाडी या पट्ट्यात उच्चदाबाचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ व फ्लॅटबेड ठेवावेत.

— वाहन दुरुस्ती व्यावसायिक, चिपळूण