ट्रायलोबाइट घेताना आधी दगड बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खनिजांच्या प्रदर्शनांत झिओलाइटच्या शेजारी हल्ली ट्रायलोबाइटही (नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) मांडलेले दिसतात. ऑनलाइन तर त्यांचा नुसता सुकाळ आहे. चकचकीत काळा प्राणी आणि खाली चिठ्ठी: ‘ट्रायलोबाइट, मोरोक्को, ४० कोटी वर्षे’. समोरच्या वस्तूतला किती भाग ४० कोटी वर्षांचा आणि किती गेल्या वर्षीचा, हे मात्र त्या चिठ्ठीवर कधीच नसते. घेणारे बहुतेक विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी मंडळी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

‘सह्याद्रीत सापडला’ असे सांगून कुणी ट्रायलोबाइट दाखवला, तर पुढचे बोलणे ऐकण्यात अर्थ नाही. हे प्राणी सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात अवतरले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस, संपले. आपला काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, तोही थिजलेला लाव्हा. भारतात ट्रायलोबाइट आहेत, पण ते स्पिती, झंस्कार, काश्मीर अशा हिमालयातल्या कॅम्ब्रियन (सुमारे ५४ ते ४८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत. विकायला येणारा माल जवळजवळ सगळा परदेशी: मोरोक्कोतल्या अल्निफ, एर्फूद, रिसानी भागातला, अमेरिकेतल्या युटामधला किंवा रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपासचा.

यात ‘खरा की खोटा’ असे दोनच कप्पे नसतात. साच्यात ओतलेला नमुना पूर्ण खोटा, हे सोपे झाले. खरी गफलत मधल्या मालात आहे. कुठे धड अस्सल आणि डोके पुट्टी भरून घडवलेले असते, कुठे दोन-तीन अर्धवट प्राणी जोडून एक पूर्ण केलेला असतो, तर कुठे झिजलेल्या जीवाश्मावर नवे काटे चिकटवून वरून काळा रंग मारलेला असतो. मोरोक्कोतल्या कॅम्ब्रियन थरांतले वीतभर, पिवळट-तांबूस अ‍ॅकाडोपॅराडॉक्सिडीस या बाबतीत फार बदनाम आहेत. एवढा मोठा, एकही खोट नसलेला नमुना स्वस्तात मिळत असेल, तर त्यात पुट्टीच जास्त आहे असे धरून चालावे. उलट युटाच्या व्हीलर शेलमधला (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) एलराथिया किंगी बहुधा अस्सल निघतो. तो इतका मुबलक आणि स्वस्त आहे की त्याची नक्कल करण्याची मेहनतही कुणाला परवडत नाही. नवशिक्याने पहिला घ्यावा तर हाच.

आता मुख्य मुद्दा. लोक प्राणी न्याहाळतात आणि दगडाकडे दुर्लक्ष करतात. करायचे ते नेमके उलट. मोरोक्कोतला डेव्होनियन (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा) ट्रायलोबाइट कठीण चुनखडकात बंद असतो आणि बाहेरून दिसत नाही. कामगार हातोड्याने दगड फोडत जातो. फुटलेल्या कडेवर कवचाचा काळसर, वळलेला छेद दिसला की ते तुकडे जपून ठेवतो. नंतर ते झटपट डिंकाने जसेच्या तसे जोडले जातात आणि मग वरचा दगड काढून प्राणी उघडा केला जातो. म्हणजे नमुना आडवा तडकलेला असणे हे दूषण नसून त्याच्या जन्माचा दाखला आहे. हा तडा दगडाच्या एका कडेने निघून कवच ओलांडून दुसऱ्या कडेला पोहोचायला हवा आणि दगड उलटा केल्यावर मागेही दिसायला हवा. तडा प्राण्यापाशी येऊन थांबतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो आणि मधले कवच मात्र अखंड आहे, असे दिसले तर तो प्राणी दुसरीकडून आणून इथे बसवलेला आहे. ओतीव नमुन्यावरही तड्याची रेघ उमटते, पण ती वरच्या पृष्ठभागापुरती. मागची बाजू कोरी राहते.

मग दहापटी भिंग घ्या, जवाहिऱ्याकडे असते तेच. प्राण्याभोवती बोटभर रुंदीचे कडे उरलेल्या दगडापेक्षा वेगळ्या पोताचे किंवा रंगाचे दिसते का? बसवलेल्या प्राण्याचा सांधा लपवायला तिथे दगडाची पूड आणि डिंक थापलेला असतो. अशा जागी सुईने हलका ओरखडा काढावा. चुनखडकातून पांढरी भुकटी निघते, रेझिनमधून (साच्यात ओततात ते प्लास्टिकसारखे द्रव्य) बारीक वळलेले कात्रण. प्राण्याच्या धडावरच्या वलयांच्या खाचांत गुळगुळीत भिंतींचे गोल खळगे दिसले तर ते ओतताना राहिलेले बुडबुडे. नुसत्या सांध्याच्या रेषेत बुडबुडे असतील तर ते डिंकातले असतात, त्यांना घाबरण्याचे कारण नाही.

डोळ्यांवर जरा थांबावे लागेल. फॅकॉप्स या मोठ्या डोळ्यांच्या ट्रायलोबाइटच्या कुळात डोळ्यातली भिंगे सुटी, मोठी आणि उभ्या ओळींत मांडलेली असतात, शेजारची ओळ अर्ध्या घराने सरकलेली. ही भिंगे खुद्द कॅल्साइटची (चुनखडकातले मुख्य खनिज) असल्यामुळे टिकतात आणि दहापटीत एकेक मोजता येतात. कोरलेल्या डोळ्यात आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते, ओतीव डोळ्यात दाणे बोथट होऊन एकमेकांत मिसळतात. डावा डोळा रेखीव आणि उजवा गुळगुळीत, असा नमुना बहुधा अर्धा घडवलेला. रशियातल्या असाफस कोवालेव्स्कीचे डोळे लांब दांड्यांवर असतात. ते दांडे इतके नाजूक की दोन्ही शाबूत असलेल्या नमुन्यात ‘यातला किती दांडा मूळचा?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोरोक्कोतल्या वॉलिसेरोप्स या ट्रायलोबाइटच्या डोक्यापुढच्या त्रिशूळालाही हेच लागू. अस्सल काटा टोकाकडे निमुळता होतो, बनावट काटा मुळापासून टोकापर्यंत तारेसारखा एकाच जाडीचा असतो.

नाव पक्के करायचे तर धडाची वलये मोजा. फॅकॉप्सच्या कुळात ती ११, कॅलिमेनच्या कुळात साधारण १३ आणि असाफसच्या कुळात ८. मोजताना हमखास दोन चुका होतात. डोक्याच्या मागच्या कडेची पट्टी हे पहिले वलय म्हणून मोजले जाते, वास्तविक ती डोक्याचाच भाग. आणि शेपटीतली एकजीव झालेली वलयेही धडात धरली जातात. म्हणून मधल्या कण्यावरून न मोजता कडेने मोजावे: धडाच्या वलयांची टोके सुटी असतात, फॅकॉप्सच्या शेपटीची कडा सलग असते. पूर्ण वाढलेल्या फॅकॉप्सला ९ किंवा १२ वलये भरली तर तो जोडकाम समजावा. (काही मिलिमीटरच्या पिलांत वलये कमी असतात, ते नैसर्गिकच.) विक्रेते मोरोक्कोच्या प्रत्येक मोठ्या डोळ्यांच्या ट्रायलोबाइटला ‘फॅकॉप्स’ म्हणतात. तळहाताएवढा आणि अंगभर गाठी असलेला बहुधा ड्रोटॉप्स असतो.

काही गोष्टी खोट वाटतात, पण तशा नसतात. ट्रायलोबाइट कात टाकत, त्यामुळे बरेच जीवाश्म मृत प्राण्याचे नसून टाकलेल्या कवचाचे आहेत. एलराथियाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गालाचे तुकडे नसले तर ते कात टाकताना सुटलेले असू शकतात. फॅकॉप्स अख्खे डोके एकसंध सोडून देई, म्हणून धडापासून सरकलेले किंवा उलटे पडलेले डोके हा त्याचा स्वभावच म्हणायचा. असा नमुना ‘सुधारून’ डोके सरळ चिकटवणारे महाभाग आहेत. ते चांगल्या पुराव्याची माती करतात.

घरगुती चाचण्यांबद्दल थोडे. अतिनील टॉर्चखाली बरेचसे डिंक आणि इपॉक्सी निळसर-पांढरे चमकतात. नोटा तपासायचा स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि त्याच्याच जांभळ्या उजेडात ही चमक बुडून जाते. ३६५ चा घ्यावा आणि खोली पूर्ण अंधारी करावी. चमक नाही म्हणजे पुट्टी नाही असे मात्र नाही, कारण काळा रंग मिसळलेले रेझिन गप्प बसते. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कडेला टेकवून बघा, काळे निघाले तर तो रंग. हा बोळा सांध्यावर फिरवू नका, प्रामाणिकपणे केलेला जोडही सैल होईल. आम्लाचा थेंब टाकून फसफस बघण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. रेझिनमध्ये चुनखडीची पूड असली तर तेही फसफसते, आणि अस्सल कवच मात्र जन्माचे खराब होते.

दगडातला प्राणी स्वतः उघडा करायचा असेल, तर महागड्या मोरोक्कन तुकड्यावर हात साफ करू नये. शेलमधला एखादा साधा एलराथिया घ्यावा. घड्याळजीचा पिन व्हाइस (सुई घट्ट पकडणारी छोटी मूठ), त्यात कार्बाइडची सुई, दहा ते वीस पटींचा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक आणि मऊ ब्रश एवढ्यावर सुरुवात होते. कठीण चुनखडकासाठी हवेवर चालणारी छिन्नी लागते. ती साधारण ८० ते १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबावर चालते.

आधी सगळे तडे जोडून घ्यावेत, नाहीतर कंपनांनी तुकडे सुटतात. मग मधल्या कण्याच्या सर्वांत उंच भागापासून सुरुवात करून कडेकडे जावे. प्राणी दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे एक बाजू उघडली की दुसरीकडे कवच किती खोलीवर असेल याचा अंदाज येतो. छिन्नी कवचावर दोन-तीन मिलिमीटर दगड शिल्लक असेपर्यंतच. ती तिरपी आणि कवचापासून बाहेरच्या दिशेने चालवावी. काटकोनात धरली की ठोका थेट कवचात उतरतो आणि टवका उडतो.

शेवटचा थर सुईने किंवा सूक्ष्म वाळूमाऱ्याने काढायचा. दंतवैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळणारा हातातला सँडब्लास्टर नवशिक्याला पुरतो, त्यातली पांढरी पूड तेवढी बदलायची. ती अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, मोहस मापावर कठीणता ९. कवच कॅल्साइटचे, कठीणता ३. ती वापरली की वलयांवरचे दाणे क्षणात पुसले जातात. खाण्याचा सोडा अडीचचा, म्हणून सुरक्षित पण संथ. डोलोमाइटची पूड साडेतीन ते चार. कॅल्साइटहून कठीण असूनही ती चालते, कारण १५ ते ३० पीएसआयच्या कमी दाबाला सैल, मातकट दगड आधी झडतो आणि घट्ट कवच तग धरते. मात्र एका जागी रेंगाळायचे नाही.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, पावसाळ्यात हे काम बंद ठेवलेले बरे. हवेतली वाफ कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचते, ते नळीतून येऊन सोड्याचे गोळे करते आणि अर्ध्या मिलिमीटरचे तोंड तुंबते. टाकी रोज रिकामी करणे, नळीत पाणी अडवणारा फिल्टर बसवणे आणि सोडा मंद आचेवर नव्हे तर सिलिका जेलच्या डब्यात कोरडा ठेवणे, एवढे तरी करावे. तापवलेल्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो.

जोडण्यासाठी आणि भुसभुशीत कवच घट्ट करण्यासाठी पॅरालॉइड बी-७२ हे पारदर्शक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात: मुरवायला ५ टक्क्यांच्या आसपास, डिंक म्हणून ४० ते ५० टक्के. पुढे कधीही अ‍ॅसिटोनने सोडवता येतो, हा त्याचा मोठा गुण. दमट दिवशी मात्र अ‍ॅसिटोन भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरते आणि लेप पांढुरका होतो. पांढरे झालेच तर कोरड्या दिवशी अ‍ॅसिटोनचा हात फिरवावा. एम-सील कवचावर लावू नये. स्फटिकांवरचा कॅल्साइट काढायला आम्ल वापरणाऱ्या मंडळींनी ती सवय इथे विसरावी. व्हिनेगर असो की लिंबू, आधी कवचच विरघळेल.

आणि धूळ. दगडाच्या धुळीत सिलिका असू शकते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. हात आत घालायला बाह्या असलेली बंद काचपेटी, तिला जोडलेला बारीक धूळ पकडणारा व्हॅक्यूम आणि तोंडावर किमान एन-९५ मास्क असल्याशिवाय छिन्नी सुरू करू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत उघड्यावर तर मुळीच नाही.

प्रदर्शनांच्या आयोजकांना आपल्या सदरातून आमची एकच विनंती आहे: प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर नेमके ठिकाण आणि थराचे नाव, प्राण्याचे नाव, आणि कोणता भाग भरलेला किंवा जोडलेला आहे हे लिहिणे विक्रेत्यांना सक्तीचे करावे. ‘मोरोक्को’ हे ठिकाण नव्हे, तो देश आहे. ऑनलाइन घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी चार फोटो मागावेत: दगडाची मागची बाजू, कडेवरचा तडा, दोन्ही डोळे जवळून, आणि अंधारात ३६५ च्या उजेडात पूर्ण नमुना. जो विक्रेता यातला मागच्या बाजूचा फोटो टाळतो, त्याच्याकडून घेऊ नये.

आपले,
काही हौशी जीवाश्म-संग्राहक, पुणे