गोष्ट ‘सोडवता’ येते, वाचता येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की ‘मराठीतच एवढी मुले नापास’ ही बातमी ठरलेली आणि त्यापाठोपाठ मोबाइलच्या नावाने खडे फोडणेही ठरलेले. मला काळजी वाटते ती पास होणाऱ्यांची. उताऱ्यावर सातपैकी सात गुण घेणाऱ्यांनाही गोष्ट वाचता येत नाही, हे वर्गात वारंवार दिसते.

मध्यंतरी फळ्यावर मी एवढेच लिहिले: ‘काका आले. आईने रोजच्याच पेल्यात चहा दिला. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “बसा.”’ चहा कशातून दिला, यावर सगळे हात वर. या घरात काय चाललेय, म्हटल्यावर वर्ग चिडीचूप. मग एक मुलगा म्हणाला, काका घरचेच, म्हणून कपबश्या काढल्या नसतील. मागच्या बाकावरची मुलगी फटकन म्हणाली, “बाई, सख्ख्या भावाला ‘बसा’ कोण म्हणतं? काहीतरी बिनसलंय.” त्यावर दुसरीने सुचवले, मग तो पेलाही मुद्दामच असेल. शेताच्या वाटणीपासून उसन्या पैशांपर्यंत तर्क निघाले. घंटा झाली तरी कुणी जागचे हलेना.

हे कृतिपत्रिकेत, म्हणजे दहावीच्या आताच्या प्रश्नपत्रिकेत, कुठे बसते? पाठांतर कमी व्हावे म्हणून दहावीला मराठीची कृतिपत्रिका आली. हेतू चांगलाच होता. पठित, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या, गद्य उताऱ्याला सात गुण. त्यात आकलनाच्या दोन कृती, प्रत्येकी दोन गुणांच्या. चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध भरा. उत्तर उताऱ्यातून जसेच्या तसे उचलायचे. मग एकदम तीन गुणांचे स्वमत, म्हणजे व्यवहारात गाईडमधला परिच्छेद. या दोहोंच्या मधली पायरी, लेखकाने न लिहिता जे सांगितले ते ओळखण्याची, गद्यात जवळजवळ नाहीच. कवितेला रसग्रहण आहे, पण त्याचेही साचे मुले घोकूनच येतात.

शब्दांचेही तेच. ‘ओशाळणे म्हणजे लाजणे’ असे वहीत उतरवले की काम झाले. लग्न ठरलेली मुलगी लाजते आणि खोटे उघडे पडलेला माणूस ओशाळतो, हे त्या प्रसंगात शिरल्याशिवाय कळणार कसे?

माझी सूचना साधी आहे. आकलनाच्या दोनपैकी एका कृतीत पात्राच्या मनःस्थितीविषयी किंवा प्रसंगाच्या सुराविषयी विचारावे आणि ‘कोणत्या वाक्यावरून?’ हे जोडावे. तपासणाऱ्यांची अडचण मी जाणून आहे. गठ्ठेच्या गठ्ठे उपसायचे, नमुना उत्तर एकच, वेगळे उत्तर दिसले की गुण द्यावा की कापावा हा घोळ. पण उताऱ्यातला आधार दिला असेल आणि तो तर्काला पटत असेल तर उत्तर ग्राह्य धरावे, एवढी सूचना दिली तरी पुष्कळ. वर दिलेल्या ओळींवर त्या मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही उत्तर मी बरोबर धरले असते.

सगळी कृतिपत्रिका बदलणे जड जात असेल तर अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, गद्याच्या चार गुणांपासून सुरुवात करावी. तिथे बहुतेक वेळा श्रमाचे महत्त्व, वेळेचे मोल असला उपदेश असतो. त्याजागी एखाद्या कथेतला संवाद द्यावा. अपठित असल्याने तिथे गाईडचाही उपयोग होणार नाही.

– एक मराठी शिक्षिका, कराड