चेंडूकडं नको, त्या पाच जणांकडं बघा

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, इथल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल 'हा कसला फुटबॉल, चेंडूला पायच लागत नाही' हे तुमचं म्हणणं मान्य. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारच्या मॅच बघून तयार झालेली नजर इथं दोन मिनिटांत वैतागणारच. पण खासबागेतल्या कुस्त्याही तुम्ही काही कमी पाहिलेल्या नाहीत. ती नजर इथं लावा. मिशिगन विद्यापीठाच्या २०२३च्या हंगामातल्या तीन मॅचच्या लिंक पाठवल्यात. त्या कशा बघायच्या ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. मैदान १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद, शिवाय दोन्ही टोकांना १०-१० यार्डांची पट्टी. चेंडू घेऊन त्या पट्टीत शिरलं की टचडाऊन, म्हणजे ६ गुण, आणि वर खांबांमधून लाथ मारली की आणखी १. टचडाऊन न होता लांबूनच खांबांतून मारला तर ३. चेंडू ज्यांच्याकडं, त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे ३० फूट, पुढं सरकायचं असतं. सरकले की नवे चार प्रयत्न. कॉमेंटेटर 'थर्ड अँड फोर' म्हणतो त्याचा अर्थ तिसरा प्रयत्न, ४ यार्ड बाकी. आई, एवढं कळलं की निम्मा खेळ कळला. चौथ्यात जमेलसं वाटलं नाही तर चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकायचा, तो पंट. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा, पण सारखं घड्याळ थांबत असल्यानं चालतो साडेतीन तास. एकेक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत संपतो, त्यामुळं मधला वेळ बिनधास्त पुढं ढकला.

आता मुद्द्याचं. चेंडू सुरू होतो तिथं पाच धिप्पाड गडी वाकून बसलेले दिसतील. मधला सेंटर, त्याच्या अंगाला दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. प्रत्येक जण १४० किलोच्या आसपासचा. पास झेलायची त्यांना परवानगी नसते, त्यामुळं गुणफलकावर त्यांचं नाव सहसा येत नाही. काम एकच, समोरच्याला हलवायचं आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची. यातली मेख तुम्हाला लगेच कळेल. कंबर खाली, पहिलं पाऊल वीतभरच, आणि दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूनं. जो आधी सरळ उभा राहिला तो गेला. पंजे बाहेरून गेले आणि जर्सी धरली की होल्डिंग, १० यार्ड मागं. तेवढ्यानं चार प्रयत्नांचं सगळं गणित कोलमडतं.

पहिली मॅच ११ नोव्हेंबरची, पेन स्टेटविरुद्ध. पेन स्टेटचे टोकाचे गडी चपळ, क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, झडप घालण्यात पटाईत. मिशिगननं उपाय काढला तो असा, की फेकायचंच नाही. मॅच संपेपर्यंत सलग ३२ वेळा चेंडू हातात घेऊन पळाले. कधीकधी पाचाऐवजी सहा धिप्पाड गडी लावले. बघणाऱ्याला कंटाळा येईल, पण हिशेब बघा. दर धावेला साडेतीन यार्ड मिळाले तरी तिसऱ्या प्रयत्नाअखेर साडेदहा होतात. पास न झेलता पडला तर घड्याळ थांबतं, पळताना ते चालूच राहतं, म्हणजे समोरच्यांना चेंडू मिळायची वेळ खाल्ली जाते. आणि तासभर धडका खाल्लेला बचाव शेवटी शेवटी सरळ उभा राहायला लागतो. धोका पहिल्या प्रयत्नात. तिथं दोन यार्ड मागं ढकलले गेलात तर १२ यार्ड तीनच प्रयत्नांत, आणि आता फेकणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिशिगनचा पळणारा गडी ब्लेक कोरम १४५ यार्ड पळाला, २४-१५नं जिंकले.

त्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ मैदानावर नव्हते. संघ सांभाळला शेरॉन मूरनं, जो मुळात या पाच जणांचाच वस्ताद होता. हार्बॉंवर लीगनं तीन मॅचची बंदी घातली होती, कारण संघाच्या एका कर्मचाऱ्यानं पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचला माणसं पाठवून त्यांच्या खाणाखुणा टिपून आणल्या होत्या. समोर चालू असलेल्या मॅचमध्ये खुणा ओळखणं चालतं, आधी माणूस पाठवून टिपणं चालत नाही. तेव्हा कॉलेजच्या हेल्मेटमध्ये रेडिओ नसायचा, सगळे निरोप हातवारे आणि चित्रांच्या पाट्यांवरून. रेडिओ २०२४पासून आला. हा डाग आहे, तो नाही म्हणून चालणार नाही. पण समोरच्याला ठाऊक असूनही ३२ वेळा तेच करून दाखवलं, हेही खरं.

दुसरी ओहायो स्टेट, २५ नोव्हेंबर, इथल्याच १,०७,६०१ आसनांच्या मैदानात. पेठांमधली खुन्नस दोन राज्यांएवढी मोठी केली की ही मॅच. चौथ्या प्रयत्नाला मिशिगननं तीनदा पंट न करता खेळायचं ठरवलं, तिन्ही वेळा जमलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ असताना उजवा गार्ड झॅक झिंटर, ६५ नंबर, पाय मोडून पडला. तो क्षण आई, तू बघू नकोस, बाबा पुढं ढकलतील. लगेचचा प्रयत्न मात्र दोनदा बघा. टॅकल गार्डच्या जागी सरकला, टॅकलच्या जागी राखीव गडी आला, आणि कोरम २२ यार्ड पळून थेट पट्टीत. टचडाऊननंतर तो बोटांनी सहा आणि पाच करून दाखवतो ते झिंटरसाठी. शेवट ३०-२४. त्याचा पाय बरा झाला. २०२४मध्ये क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघानं त्याला घेतलं.

तिसरी रोझ बोल, अलाबामाविरुद्ध उपांत्य फेरी. मिशिगन पुन्हा पुन्हा अडलं ते लाथेच्या खेळात. एक पंट हातातून निसटला, त्यावर अलाबामानं टचडाऊन केला. एक जादा गुण गेला, कारण मागं फेकलेला चेंडू धरणाऱ्याच्या हातात नीट बसला नाही. सगळ्यात वाईट चूक २०-२० असताना, मिनिटभरही उरलेलं नव्हतं तेव्हा. आपल्या पट्टीजवळ पडणारा पंट सोडून द्यायचा असतो. तो पट्टीत गेला तर चेंडू २० यार्डांवर मिळतो. मिशिगनचा गडी तो झेलायला गेला, चेंडू सुटला, आणि कसाबसा १ यार्डावर सापडला. पट्टीत पकडला गेला असता तर समोरच्यांना २ गुण आणि वर चेंडूही. जादा वेळेत २५ यार्डांवरून सुरुवात असते. कोरमनं ते दोन धावांत संपवले, ८ आणि १७. मग अलाबामाचा चौथा प्रयत्न, ३ यार्ड बाकी. त्यांच्या सेंटरचे चेंडू दिवसभर नीट जात नव्हते, हाही खालीच गेला, आणि क्वार्टरबॅक मधोमध अडकला. २७-२०.

फायनलची लिंक मुद्दाम दिली नाही. वॉशिंग्टनला त्या वर्षीच्या सर्वोत्तम लाइनचं, म्हणजे अशा पाच जणांच्या फळीचं, बक्षीस होतं, आणि पळून ३०३ यार्ड काढले मिशिगननं. ३४-१३, पळण्यापुरती तरी एकतर्फी. पंधरापैकी पंधरा जिंकले, सगळ्या मिळून १५६ गुण दिले, म्हणजे मॅचला साडेदहाही नाहीत.

यंदा थेट बघायची असेल तर ओहायोची बघा. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, बहुधा इथल्या दुपारी बाराला. तोवर इथली घड्याळं तासभर मागं गेलेली असतात, त्यामुळं तुमच्याकडं रात्रीचे साडेदहा. दुपारी झोप काढून ठेवा. आणि बाबा, पहिला क्वार्टर फक्त ५० ते ७९ नंबरच्या जर्सीकडं बघा, लाइनवाले बहुतेक त्यातच सापडतात.

तुमची,
सोनू