नंबर न लागणारी भिशी

प्रिय आई आणि पप्पा,

तुम्हा दोघांना सलाम. हे पत्र टाईप करून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरिअरने पाठवतेय, कारण व्हॉट्सॲपवर टाकलं की पप्पा अर्धंच वाचतात, उरलेलं आईला वाचायला लावतात आणि आई मधलं मधलं गाळते हे मला पक्कं माहितीये. आई, यातलं काही गाळू नकोस ग.

गेल्या रविवारी पप्पांनी फोनवर विचारलं, तुमच्या चर्चमध्ये क्लास मीटिंग होते का? आणि मी फटकन बोलले की इथे कोण मेथडिस्ट आहे पप्पा, आणि असते तरी मी गेले नसते. मग तुम्ही काहीच न बोलता फोन आईकडे दिलात आणि आईने विचारलं तिकडे पाऊस आहे का. तेव्हापासून मला चैन नाही. खरं काय ते फोनवर सांगता येत नाही, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि मला असलं काही ओरडून बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

पप्पा, मला लहानपणी क्लास मीटिंग हा शब्दच नको वाटायचा, म्हणजे ते घरोघर जाऊन विचारपूस करणं आणि वर्गणी घेणं. दर गुरुवारी संध्याकाळी तुम्ही ती काळी वही काखेत मारायचात आणि मला बरोबर न्यायचात, दादाला अभ्यास असायचा, मला काय तो कधीच नसायचा. घराघरात "पाळकसाहेब, च्या घेऊनच जायचं", सात घरं, सात चहा, आणि प्रत्येक ठिकाणी तुमचा तोच प्रश्न, "जिवाचं कसं चाललंय?" बायका रडायच्या, पुरुष खाली बघायचे, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. वहीवर मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाचा जुना शिक्का होता, 1981 ला मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं तरी तुम्ही जुन्या वह्या संपेपर्यंत वापरल्यात, कागद वाया घालवायचा नाही म्हणून. आत रकाने आखलेले, नाव, आजार, घरचं, आणि शेवटी दोन रुपये.

आणि त्या बदल्या! चर्चच्या वार्षिक सभेच्या, कॉन्फरन्सच्या, शेवटच्या दिवशी बिशप पाळकांच्या नेमणुका वाचून दाखवणार आणि आपण इकडे घरात श्वास धरून बसणार. आई तर मोठी ट्रंक कधी पूर्ण रिकामीच करायची नाही. कढीपत्ता डालडाच्या डब्यात लावायची, जमिनीत नाही, कारण जमिनीतला बरोबर नेता येत नाही. आठवीत ऐन सहामाहीच्या आधी माझी शाळा बदलली, तेव्हा मी ठरवलं होतं की मोठी झाले की एकाच गावात, एकाच घरात राहणार आणि कुणाच्या घरी जाऊन जिवाचं कसं चाललंय असं विचारणार नाही. पहिलं जमलं. कोल्हापुरात येऊन वीस वर्षं झाली, शिरोलीच्या फाउंड्रीत अकाउंट्स बघते, घराचा हप्ता फिटलाय, कढीपत्ता जमिनीत आहे आणि पार वरच्या खिडकीपर्यंत गेलाय. दुसरं काही जमलं नाही, तेच सांगायचंय.

आधी इथलं सांगते. कोल्हापूरचं मिशन पूर्वी प्रेस्बिटेरियन पंथाकडे आलं, म्हणून इथल्या बहुतेक जुन्या ख्रिस्ती घरांची, आमच्या सासरचीसुद्धा, मुळं तिकडची. यांच्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या एल्डरला वडील म्हणतात. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या "आज वडिलांची मीटिंग आहे", मी विचारलं कुणाच्या वडिलांची, तर सगळं घर हसलं होतं. आमच्या या चर्चमध्ये बिशप नाही, नेमणुकांची यादी नाही, त्यामुळे पाळकांच्या बायकोची ट्रंक रिकामी असते. हे मला फार आवडलं होतं, लिहायला हरकत नाही.

आणि पप्पा, तुम्ही नेहमी जॉन मॉटचं सांगता ना, मेथडिस्ट, साधा पाळकसुद्धा नव्हता आणि 1946 चं शांततेचं नोबेल मिळालं, आता एक माझ्याकडून ऐका. मिशनरी रॉयल वायल्डर 1852 ला कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 ला इथेच जन्मला. हाच रॉबर्ट 1886 ला अमेरिकेत माउंट हर्मनला कॉलेजच्या पोरांना मिशनसाठी उभं करत होता, शंभर जणांनी नावं दिली, आणि त्या शंभरात तुमचा मॉट होता. म्हणजे तुमच्या मेथडिस्ट नोबेलवाल्याला कामाला लावणाऱ्यांत एक कोल्हापूरचा पोरगा होता. नाद खुळा म्हणतात इथे याला.

बरं, मुद्द्यावर येते. 2019 च्या पुरात आमचं घर वाचलं पण नदीकडच्या गल्ल्या गेल्या. इथे पावसाळ्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न पंचगंगेचं पाणी किती फुटावर, राजाराम बंधाऱ्याला 39 ला इशारा, 43 ला धोका, हे बारक्या पोरांना पण पाठ. त्या वर्षी 55 च्या वर गेलं, शिरोलीला हायवे बंद, आमची फाउंड्री बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. हॉलमध्ये लोक आणून ठेवले होते, आम्ही बायका सकाळ-संध्याकाळ खिचडी करत होतो. ते दिवस चांगलेच होते एका अर्थी, कोण कुठल्या चर्चचा, कोण कुठल्या जातीचा कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं ते नंतर. पाणी उतरलं आणि बाहेरून गाड्या यायला लागल्या, आउटरीच म्हणे, आधी बॅनर बांधायचा, मग ब्लँकेट द्यायचं, देताना दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. एका बाईला चार संस्थांची चार ब्लँकेटं मिळाली आणि तिच्या घरात चूल पेटवायला कोरडं लाकूड नव्हतं. मी पण एका फोटोत आहे, ब्लँकेटचं एक टोक धरून. 2021 ला परत पाणी आलं आणि परत तेच झालं.

गेल्या वर्षी आमच्या इथे कुणीतरी म्हणालं की ती नदीकडची आजी उपासनेला येईनाशी झालीये, बसायच्या जागेवरून रुसलीय. मी सहज गेले. पहिल्यांदा गेले तर म्हणाली गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा म्हणाली नातवाची परीक्षा. चौथ्यांदा गेले तेव्हा जेवत होती, भाकरी दुधात इतकी कुस्करलेली की खीर वाटावी, आणि मला बघून पदर तोंडाला लावला. मग बोलली. "पोरी, पाणी आलं तवा रातचं पोरानं उचलून ट्रॅक्टरात घातलं बघ मला. कवळी कपात ठिवल्याली, फडताळावर. ती गेली. आता गाणं म्हणाया लागलं की तोंडातनं नुसतं वारं जातंय, हसत्यात पोरं." तीन वर्षं, पप्पा. चार ब्लँकेटं आली त्या घरात आणि दातांचं कुणाला कळलं नाही, कारण कुणी चौथ्यांदा गेलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागेना आणि तुमचा कॅप्टन फॉय आठवला. तुम्ही दर वर्षी सांगायचात आणि आम्ही कंटाळायचो. ब्रिस्टल, 1742, मेथडिस्टांच्या सभागृहावर कर्ज झालेलं, हा माणूस म्हणतो प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्या, दुसरा म्हणतो गरिबांना पेनी पण जड आहे, तर हा म्हणतो मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याची मी भरेन. आणि पैसे गोळा करायला दारोदार जाणाऱ्यांनाच कळायला लागलं की घरात कोण आजारी, कोण पितो, कोण भांडतो, आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ते धरलं आणि तीच क्लास मीटिंग झाली. मी अकाउंट्सवाली बाई, लहानपणी मला ही धर्माची गोष्ट वाटायची, आता कळतं की ही वसुलीची गोष्ट आहे, आणि म्हणूनच मला पटली.

तर मी सुरू केलं. अकरा घरं, बरोबर अकराच, नदीकडच्या तीन गल्ल्यांत, आठवड्याला वीस रुपये, औषधासाठी. मीटिंग वगैरे काही म्हणत नाही. लोकांनीच त्याला भिशी नाव दिलं. एक काकी म्हणाल्या, "ही कसली भिशी ओ ताई, नंबरच लागत न्हाई कुणाचा." म्हटलं आजारी पडा, लागतो. अकरापैकी दोन घरं ख्रिस्ती नाहीत. त्यातल्या एकीच्या दिराने पहिल्याच दिवशी दारात अडवलं, काय धर्मांतर करायला आलायसा का. मी पिशवी उघडून दाखवली, आत पावतीपुस्तक, बीपीचं मशीन आणि अर्धा किलो शेंगा. आता तोच मला बीपी मोजायला हात पुढे करतो, आणि दर वेळी जास्तच निघतं.

चुकले पण. मी सगळं एक्सेलमध्ये घातलं होतं मोबाईलवर, आणि सवयीने एक रकाना केला थकबाकी म्हणून. एका घरात मी नोंद करत होते आणि त्या बाईने वाकून बघितलं, तिच्या नावापुढे 160 आणि लाल रंग. काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात दाराला कुलूप, त्याच्या पुढच्या आठवड्यात पण, आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू येतेय. मी तिथे पायरीवर बसले आणि मला तुमची वही आठवली, पप्पा. शेवटच्या रकान्यात काही नावांपुढचे दोन रुपये वेगळ्या शाईत असायचे. हिरव्या. मी तेव्हा विचारलं होतं तर तुम्ही म्हणालात पेन संपलं होतं. दर आठवड्याला, त्याच पाच-सहा नावांपुढे, पेन संपत नसतं पप्पा. मी आठवीत दादाचे जुने बूट कापूस भरून घालून शाळेत जात होते आणि तुम्ही त्यांचे दोन रुपये भरत होता.

मला राग आला. खरं सांगते, पायरीवर बसून आधी रागच आला. मग मी पाकिटातून 160 काढले, भरले, आणि तो रकानाच डिलीट केला. ती बाई यायला लागली परत, पण अजून माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही, आणि तो दोष माझाच. आई, तुला माहीत होतं का ग त्या हिरव्या शाईचं? मला वाटतं होतं. तूच बुटात कापूस भरून द्यायचीस.

पप्पा, तुम्ही फोनवर म्हणालात ना की आता माझा काय उपयोग, पुलपिटवर चढता येत नाही, आवाज पोचत नाही. दर नव्या वर्षी कराराच्या उपासनेत तुम्ही आमच्याकडून म्हणून घ्यायचात, वेस्लीने 1755 पासून घ्यायला सुरुवात केलेली ती उपासना, त्यात ती ओळ असायची की प्रभू, तुझ्यासाठी मला कामाला लाव नाहीतर तुझ्यासाठी बाजूला ठेव. बाजूला ठेव म्हणताना तुमचा आवाज जरा खाली जायचा, मला लक्षात आहे. ते जड जातंय हे कळतं मला, समजूत घालत नाही. पण मला इथे काम अडलंय ते तुम्हालाच विचारायचंय. अकरावं घर एका रिटायर्ड मास्तरांचं आहे, बायको गेल्यापासून दारच उघडत नाहीत, वीस रुपये दाराखालून सरकवतात आणि आतून म्हणतात मिळाले का. सहा महिने झाले. मी दारातूनच बरे आहात का विचारते, ते हो म्हणतात. तुमच्या वहीत असा एक जण होता, चाळीतला, टोपीवाला, त्याने शेवटी तुम्हाला आत घेतलं होतं. काय केलं होतंत? मला फक्त एवढंच आठवतंय की तुम्ही त्याच्या दाराबाहेर बसून पेपर वाचायचात.

वही पाठवा. दादाला सांगून माळ्यावरून काढून घ्या, आणि दिवाळीनंतर दोघं इकडे या, कोयनेची तिकिटं मी काढते. आजीला नवी कवळी मिळाली, भिशीतून थोडे आणि आम्ही घरातून थोडे. पण ती तिला बोचते, म्हणून गाण्यापुरती घालते आणि उपदेश सुरू झाला की काढून रुमालात ठेवते. तिला मी सांगितलंय की माझे पप्पा पाळक आहेत, तर म्हणाली, "मग येऊ देत की, पण लांब उपदेश करत्यात का त्ये?"

मी काय सांगू ते कळवा.

तुमची धाकटी