रविवारची चौकट

पुणे,
रविवार, १७ मे २०२०

प्रिय दोस्ता,

गुरुवारी रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. तू फार बोललाच नाहीस. "आज वार कोणता रे?" विचारलंस, मी "गुरुवार" म्हटलं, आणि तू म्हणालास, "हो का." त्या "हो का"नं माझी झोप उडवली. वीसेक वर्षं डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारा माणूस तू. लोकलच्या डब्यातल्या गर्दीवरून आज सोमवार की शुक्रवार ते ओळखणारा. तुला वार विचारावा लागावा!

मामांच्या वेळी देवगडला जाता आलं नाही, हे तू ओझरतं सांगून पुढे गेलास. मी फोनवर गप्प राहिलो, कारण काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तुला खांद्यावर बसवून कुणकेश्वरच्या जत्रेला नेणारे मामा, आणि त्यांचं शेवटचं दर्शनही तुला होऊ नये. यावर ‘सकारात्मक राहा’ हे उत्तर नाही, आणि हे पत्र तसलं नाही. पोस्टाची पेटी कधी उघडते याचा भरवसा नाही, म्हणून पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन. पण लिहितोय कागदावरच, कॉलेजच्या सुट्टीत एकमेकांना लिहायचो तसं.

आमचेही पहिले पंधरा दिवस वाईट गेले. २२ मार्चला थाळ्या वाजवल्या तेव्हा एका दिवसाचा प्रश्न वाटला होता. २४ तारखेला रात्री आठला कोरोनामुळे एकवीस दिवसांचं लॉकडाउन लागल्याचं कळलं आणि उजाडला तो पाडवा. साखरेच्या गाठी नाहीत, झेंडू नाही. सोसायटीतल्या झाडाचा कडुनिंब आणि तुझ्या वहिनीची कोरी साडी, एवढ्यावर गुढी उभी राहिली. आप्पा एकोणऐंशी वर्षांचे, त्यात दमा. बेल वाजली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. सकाळपासून टीव्हीवर आकडे, दुपारभर पिशव्या धुणं, भाजी धुणं, आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणीतरी कुणावर तरी ओरडलेलं असायचं. बहुतेकदा मीच. पुढचे काही महिने पगार निम्मा, हे कळलं त्या दिवशी लेकीला गृहपाठावरून इतकं बोललो की पोर न जेवता झोपली. ते अजून टोचतं.

त्याच दिवसांत फोनवर रोज सकाळी उगवते सूर्य आणि सुविचार येत. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यातल्या एकाही वाक्याला ना वार होता ना गाव. कुणीही, कुणालाही, कधीही पाठवावं असं ते होतं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर तुला आठवत असेल. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आप्पांच्या गोळ्या, सगळं त्यावर. मार्चअखेरीस दोन दिवस दूध आलं नाही. वहिनीनं २९ तारखेच्या, म्हणजे रविवारच्या चौकटीत खाडा मांडला. लेकीनं त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘तांबट बोलला.’

झालं असं होतं की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्यापासून समोरच्या उंबरावरून टुक् टुक् टुक् असा एकसुरी आवाज यायचा. तिला वाटलं, कुणाकडे तरी काम चाललंय. आप्पांनी सांगितलं, तो तांबट पक्षी. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा बोलतो म्हणून हे नाव. मग कसब्यातली तांबट आळी, तिथून आजीनं आणलेला बंब, त्या आळीतून चालताना कानात भरणारा ठणठणाट, असं करत आप्पा तासभर बोलत राहिले. त्या तासात टीव्ही बंद होता, हे मला रात्री लक्षात आलं.

आप्पांनीच मग नेम घालून दिला. दर रविवारी चौकटीत एक ओळ. आठवडाभरात जे भेटलं त्यातलं एक. आणि ‘बरं वाटलं’, ‘मजा आली’ असलं काही लिहायचं नाही. काय पाहिलं, काय ऐकलं, काय घडलं ते लिहायचं. मास्तरकी गेली नाही अजून त्यांची!

दोस्ता, मला वाटतं आपले वार कॅलेंडरात कधी नव्हतेच. ते तुझ्या लोकलमध्ये होते, दारात पडणाऱ्या पेपरात होते, लेकीच्या पीटीच्या पांढऱ्या गणवेशात होते, आप्पांच्या तळजाईवरच्या फेरीत होते. ते सगळं एका रात्रीत थांबलं आणि वार गळून पडले. माणूस उदास होतो तो घरात बसावं लागलं म्हणून तर होतोच, पण पुढे वाट बघण्यासारखं काही उरत नाही म्हणूनही होतो. आमच्या एका ओळीनं एवढंच केलं, की शुक्रवार आला की सगळे शोधायला लागतात: या रविवारी काय लिहायचं?

३ एप्रिलचा शुक्रवार होता. संध्याकाळी शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरणार, हे आप्पांना ठाऊक होतं. आमची गॅलरी पश्चिमेची. हवा इतकी स्वच्छ झाली होती की सिंहगडावरचा टॉवर घरातून दिसत होता. तू इथे राहायला आला होतास तेव्हा तो आपल्याला कधी दिसला होता का? जुनी दुर्बीण माळ्यावरून काढली. नुसत्या डोळ्यांना शुक्र लखलखीत, आणि त्याच्या तेजात हरवलेला एक पुसटसा ठिपका. दुर्बिणीतून मात्र शुक्राला बिलगून बसलेल्या सगळ्या कृत्तिका वेगवेगळ्या दिसल्या. चंद्रही वर होता, तरी दिसल्या. लेक म्हणाली, "आप्पा, हे पुन्हा कधी?" आप्पा म्हणाले, "आठ वर्षांनी, याच सुमारास." आणि मग हळूच, "तेव्हा तू दाखव कुणाला तरी." मी आत जाऊन पाणी प्यायलो. शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना त्याच जागी येतो. मला हे चाळिशी उलटून गेल्यावर समजलं.

पण सगळं असं चांदण्यांचं नव्हतं. १९ एप्रिलची चौकट कोरी आहे. त्या आठवड्यात आप्पांना खोकला सुरू झाला, रात्री अंग गरम लागलं. तीन रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं जागलो. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं. दम्याचंच होतं, उतरलं. पण त्या रविवारी कुणी पेन्सिल उचलली नाही आणि नंतरही ती जागा भरायची नाही असं ठरलं. तुझी चौकट सध्या कोरी असेल तर असू दे. मला एवढंच सांगायचं होतं की आमच्याकडेही एक आहे.

त्याच्या आधीपासून सोसायटीत पोळ्या गोळा होत होत्या. जवळच्या एका शाळेत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातले मजूर अडकले होते, त्यांच्यासाठी घरटी दहा पोळ्या, संध्याकाळी सहाला, वर्तमानपत्रात नव्हे, स्वच्छ फडक्यात बांधून. मी लाटायला शिकलो. वहिनीनं कणीक कशी तिंबायची, घडीत तेल किती लावायचं, कडा कुठे दाबायच्या, हे हात धरून दाखवलं. पहिली पोळी टम्म फुगली त्या दिवशी मी आप्पांना हाक मारून दाखवली. शुक्राची युती पाहावी तसे सगळे तव्याभोवती उभे होते.

आणि मग ८ मेची सकाळ. करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो तूही पाहिला असशील. मला दिवसभर कणकेला हात लावता येईना. इतके लोक शेकडो मैल चालत असताना आपण गॅलरीत बसून पक्ष्यांची नावं लिहितो, हे बरोबर का, असं मी आप्पांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. रविवारी लेकीनं विचारलं, "हे लिहायचं का?" तेव्हा म्हणाले, "लिही. पाहिलं ते लिहायचं असंच ठरलंय." तिनं लिहिलं. खाली वहिनीनं लिहिलं, ‘उद्यापासून वीस पोळ्या.’ त्या चौकटीत दोन ओळी आहेत.

आता तुझ्या गावची गोष्ट, जी फोनवर सांगायची राहिली. अक्षय्य तृतीया यंदा रविवारीच आली, २६ एप्रिलला. त्याच्या दोन दिवस आधी आमच्या फाटकाशी पिकअप येऊन उभी राहिली. मार्केट यार्ड बंद, त्यामुळे बागायतदार स्वतःच परवाना काढून आंबा घेऊन निघाले होते. सोसायटीनं तीस पेट्या मागवल्या होत्या. मास्कातून त्या माणसाचं बोलणं ऐकलं आणि थबकलो. दर वाक्याला ‘मगे’. तुझी आई बोलते अगदी तसं. मी विचारलं, "देवगड का?" तर म्हणाला, जामसंडे. म्हणजे तुझ्या घरापासून केवढं ते? रात्रभर गाडी चालवून आला होता. मधल्या नाक्यांवर खाणं मिळालं नाही. वहिनीनं डबा दिला, तो त्यानं फाटकाबाहेर उभं राहूनच खाल्ला. जाताना सांगून गेला, "लगेच कापू नका, गवतात अढी घाला, चार दिवस द्या." पेटी उघडली आणि त्या पेंढ्याच्या वासाबरोबर मला तुमचं माजघर दिसलं, कॉटखाली लावलेली अढी, आणि तुझी आई एकेक फळ उचलून नाकाला लावतेय ते. त्या रविवारची ओळ माझ्या अक्षरात आहे: ‘जामसंड्याचा माणूस आला.’

मे महिना आणि तू गावाला नाहीस, हे आजवर कधी झालं नव्हतं. तुला काय वाटत असेल ते मला त्या पेंढ्याच्या वासानं थोडंसं कळलं.

बाकी किरकोळ. पेपर येईना तेव्हा आप्पांनी शब्दकोडं स्वतःच तयार करायला घेतलं. वहीच्या चौकटीच्या पानावर, उभे आडवे शब्द, सूचना सुवाच्य अक्षरात. दर शनिवारी त्याचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर जातो आणि रविवारी दुपारपर्यंत उत्तरं येतात. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्या कधी कुणाशी बोलत नसत, त्यांचं उत्तर सगळ्यात आधी असतं. १ मेला महाराष्ट्राला साठ वर्षं झाली म्हणून सगळं कोडं गडकिल्ल्यांचं होतं. मला निम्मंही सुटलं नाही.

आणि परवाचा बुधवार, १३ मे. शून्य सावलीचा दिवस. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेचे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. सोसायटीनं एका वेळी एकाच घराला गच्ची वापरायची परवानगी दिली होती. आप्पा मार्चनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले. तीन जिने चढायला त्यांना दहा मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर टेकले. लेकीनं खलातला बत्ता, पावडरचा डबा आणि उपडा पेला रांगेत मांडले होते. बारा वाजून गेल्यावर सावल्या आखडायला लागल्या. बारा एकतीसला बत्त्याची सावली नाहीशी झाली. आप्पा काठी टेकून ताठ उभे राहिले. काठीलाही सावली नाही. ते खाली बघत होते, आणि मी कितीतरी दिवसांनी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

हे तुला गुरुवारी सांगायला हवं होतं, कारण तुम्ही थोडे उत्तरेला, तुमच्याकडे तो दिवस नंतर येतो. डोंबिवलीला काल असणार. माझ्या ध्यानातच आलं नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य परत फिरताना पुन्हा येईल. तेव्हा आभाळ भरलेलं असेल हे खरं, पण बारा-साडेबाराला पाच मिनिटं जरी उघडलं तरी पुरतं.

आज आठवा रविवार. लेक पेन्सिल घेऊन मघापासून दाराशी उभी आहे. मी म्हटलं, लिही, ‘काकाला पत्र लिहिलं.’ तर ती नाही म्हणाली. घरातल्यांनी केलेलं आपण लिहीत नाही, बाहेरून आलेलं लिहितो, असं तिचं म्हणणं. काकानं त्याच्या खिडकीतून काय पाहिलं ते त्यानं कळवायचं, ते ती लिहिणार. रेल्वेचे रिकामे रूळ असतील तर ते, समोरच्या इमारतीतलं कुणी असेल तर तो. मामांची एखादी आठवण आली असेल तर तीही चालेल, असं आप्पा आतून सांगतायत.

चौकट रिकामी ठेवली आहे. रात्री नऊनंतर फोन करतो.

तुझाच,
जुना रूम पार्टनर