सोडत उघड, मग खपाचा हिशेबही उघड हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी लॉटरीचा निकाल ‘आधीच ठरलेला’ असतो, असं हल्ली सर्रास बोललं जातं. मिरजेत स्टँडजवळ आमचा तिकिटांचा स्टॉल आहे, सासऱ्यांपासूनचा. तिथं बसून हे वाक्य मी रोज ऐकते. मला ते पटत नाही आणि का पटत नाही, हे गिऱ्हाईकाला सांगण्याइतका कायदा मी वाचला आहे. पण एका प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नसतं, म्हणून हे पत्र.

1998चा लॉटरी (विनियमन) कायदा चार पानांत मावेल एवढाच आहे. तिकीट राज्य सरकारनं छापायचं, त्यावर सरकारची खूण हवी. सोडत सरकारनंच काढायची, तीही आपल्या राज्याच्या हद्दीत. एजंटानं फक्त विकायचं, विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात जायचा. एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नाही, बंपर वर्षाला सहापर्यंतच. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि लॉटरी चालवणाऱ्या खात्याच्या प्रमुखालाही त्यात जबाबदार धरलं आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती कायद्यातली पहिलीच अट, जी वर सांगायची राहिली. एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरावर बक्षीस ठेवता येत नाही. नव्वदच्या दशकातली एक अंकी लॉटरी ज्यांनी पाहिली, त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही. दहातला एक आकडा लावायचा, हरलं की पुढच्या सोडतीला पुन्हा लावायचा. मार्केट यार्डातल्या हमालांची मजुरी घरी पोचायच्या आत संपायची. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली, ती लोकांना मटक्यापासून दूर नेण्यासाठी. आणि लॉटरीच्याच नावानं मटका परत आला होता. सासरे ती तिकिटं ठेवत नसत. आजूबाजूचे ठेवत आणि आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कमवत. तरी त्यांचंच बरोबर होतं, असं मी आजही म्हणते.

आता माझ्याकडे उत्तर नसलेला प्रश्न. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला विचारतात, “पहिलं बक्षीस लागलेलं तिकीट खपलं तरी होतं का?” साप्ताहिक सोडतीच्या निकालपत्रकावर नंबर असतो. ते तिकीट कोणाच्या खिशात होतं की गठ्ठ्यातच पडून राहिलं, हे त्यावरून कळत नाही. मुदतीत दावा न झालेलं बक्षीस सरकारजमा होतं, असं कायदाच सांगतो. पण अशी रक्कम किती, हे तिकीट घेणाऱ्याला कुठं दिसतं? संशय येतो तो इथून, आणि मग बोट सोडतीकडे दाखवलं जातं.

केरळचं निकालपत्रक पाहा. तिथं मोठ्या बक्षिसाच्या नंबराशेजारी ते तिकीट कुठल्या ठिकाणी गेलं ते छापतात, एजंटाचं नावही देतात. नंबर सरकारी गॅझेटशी ताडून पाहा, अशी सूचनाही असते. कोट्टयम किंवा पालक्काड असं नाव दिसलं, की तिकीट खपलं होतं याबद्दल वादच उरत नाही.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही. न खपलेली तिकिटं हिशेबासह सरकारला परत करायची, असं 2010चे नियम सांगतात. म्हणजे माहिती सरकारकडे असायलाच हवी. दर निकालाबरोबर किती तिकिटं छापली, किती खपली, मोठी बक्षिसं कोणत्या जिल्ह्यात गेली, एवढं छापावं. दावा न झालेल्या रकमेचा आकडा तीन महिन्यांनी दिला तरी चालेल. बक्षीस लागलेल्याचं नाव मात्र मुळीच छापू नये. गावात कळलं की उसने मागणाऱ्यांची दारात रांग लागते आणि घरात भांडणं सुरू होतात, हे आम्ही विक्रेत्यांनी पाहिलेलं आहे.

वित्त विभागानं येत्या बंपरपासून तरी हे सुरू करावं, ही विनंती. स्टॉलवर निकाल लावतो त्याच्या शेजारी हा हिशेबही लावायला आम्ही तयार आहोत.

आपली,
एक लॉटरी तिकीट विक्रेती, मिरज