घाणेरी वाढली म्हणजे हिरवाई वाढली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या बातम्या आणि हिरव्यागार डोंगरांची छायाचित्रे छापून येतात. त्या हिरव्यात नेमके काय वाढते आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आसपासच्या टेकड्यांवर घाणेरी, म्हणजेच टणटणी, माजली आहे. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण भागातली. इंग्रजांनी 1809 च्या सुमारास शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली आणि तिथून ती देशभर पसरली. तिची काळी फळे बुलबुल खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. गुरे सहसा तोंड लावत नाहीत. वरून तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. फुलपाखरांना तिच्यावर मध मिळतो हे खरे, पण तिच्या जाळीखाली दुसरे रोप क्वचितच तग धरते.

नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, अगदी उलट. त्यांना ना फूल, ना बी. बीजाणूपासून, म्हणजे धुळीसारख्या बारीक कणापासून, आधी एक इवलासा चपटा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्यावर पाण्याचा थर असला तरच फलन होते. ओल गेली की सगळे थांबले.

दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर असाच एक नेचा आहे, पाने कोथिंबिरीसारखी. त्या बेटाबाहेर तो जगात कुठेही उगवत नाही. 1958 नंतर दिसेनासा झाल्याने 2003 मध्ये तो नामशेष ठरवला गेला. मात्र 2009 मध्ये तिथल्या ग्रीन माउंटनच्या उतारावर त्याची चार रोपे सापडली! बीजाणू तातडीने विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवले, तिथे नवी रोपे वाढवली. चार रोपांसाठी माणसे एवढी धडपडली, हे वाचून मी भारावून गेलो.

आपल्याकडे मात्र पावसात जुन्या दगडी भिंतींवर उगवणारा हंसराज हा नेचा खरवडून वर सिमेंट थापले जाते. भिंत फोडणारी पिंपळाची रोपे जरूर काढा. हंसराजाने भिंतीचे काय बिघडते? घाणेरी काढायची तर मुळासकट, फळे धरण्याआधी, आणि मोकळ्या जागेत लगेच स्थानिक झाडे लावून. शिवाय राणीच्या बागेत सह्याद्रीतल्या नेच्यांसाठी सावलीचा, ओलसर कोपरा राखावा, मराठी नावांच्या पाट्यांसह. पालिकेच्या उद्यान विभागाने येत्या पावसाळ्याआधी याचा विचार करावा, ही विनंती.

— एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई